२०.३ टक्के आणि ५.७ टक्के : एका अतिनील एलईडीच्या इलेक्ट्रोडचं प्रकरण

२०१७ साली ‘ॲप्लाइड फिजिक्स एक्सप्रेस’ या जपानी नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. टोकियोजवळच्या वाको इथली रिकेन ही संशोधन संस्था आणि पॅनासोनिक कंपनी यांनी मिळून २७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश देणारा एलईडी बनवला होता. त्याची बाह्य क्वांटम कार्यक्षमता २०.३ टक्के भरली. म्हणजे डायोडमधून गेलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे वीस फोटॉन चिपच्या बाहेर पडत होते. तोवर या पट्ट्यातल्या बहुतेक दिव्यांची धाव काही टक्क्यांपलीकडे जात नव्हती. अमेरिकेतल्या सेन्सर इलेक्ट्रॉनिक टेक्नॉलॉजी या कंपनीने २०१२ साली २७८ नॅनोमीटरला १०.४ टक्के गाठले होते आणि तीच मोठी मजल मानली जात होती. त्यामुळे वीसचा आकडा गाजला, आणि ते योग्यच होतं.

त्याच दिव्याचा दुसरा आकडा मात्र कमी वेळा सांगितला जातो. जेवढी वीज आत गेली तिच्यातल्या किती भागाचा अतिनील प्रकाश झाला, या हिशोबाने हा दिवा ५.७ टक्क्यांवर थांबतो. पाण्याचं शुद्धीकरण यंत्र बनवणाऱ्याला, बॅटरीवर चालणारं उपकरण बनवणाऱ्याला किंवा विजेचं बिल भरणाऱ्याला याच आकड्याशी देणंघेणं असतं.

एकाच चिपचे दोन आकडे, आणि त्यांत साडेतीन पटींचं अंतर. हे अंतर कुठून आलं याचा माग काढत गेलं की आपण थेट डायोडच्या एका टोकाला पोचतो, जिथे धातू आणि अर्धवाहक एकमेकांना भेटतात. अतिनील एलईडीसाठी पारदर्शक आणि वीजवाहक इलेक्ट्रोड शोधण्याचा जो खटाटोप जगभर चालू आहे, त्याचं खरं रूप मला या एका प्रकरणात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

दिवा हवा कशासाठी

आपल्याकडे घराघरांत असलेल्या यूव्ही वॉटर प्युरिफायरमध्ये एक बारीक नळी असते. तिच्यात कमी दाबाची पाऱ्याची वाफ असते आणि ती मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देते. जीवाणूंचा डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपास हा प्रकाश सर्वाधिक शोषतो, त्याच्या साखळीत नको ते बंध तयार होतात आणि जीवाणूची वाढ थांबते. या कामात पाऱ्याची नळी फार चांगली आहे. विजेचा सुमारे ३० ते ४० टक्के भाग ती उपयोगी अतिनील प्रकाशात बदलते. पण तिच्यात पारा आहे, ती काचेची आहे, आणि पेटल्यावर पूर्ण तेज यायला तिला वेळ लागतो.

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. करारातली दिव्यांवरची बंधनं मुख्यतः उजेडासाठीच्या नळ्यांवर आहेत, जंतुनाशक नळ्या त्या यादीत थेट येत नाहीत. तरी दिशा उघड आहे. २६० ते २८० नॅनोमीटरचा, पाऱ्याविना चालणारा, बटण दाबताच पेटणारा, तांदळाच्या दाण्याएवढा दिवा हवा आहे. तो तयारही आहे. अडचण फक्त एवढीच की तो वीज फार खातो.

चिपच्या आत

हा दिवा ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा असतो. पदार्थातला बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा म्हणजे बँडगॅप. गॅलियम नायट्राइडचा बँडगॅप ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ॲल्युमिनियम नायट्राइडचा सुमारे ६.२. दोघांचं प्रमाण बदललं की मधला हवा तो बँडगॅप मिळतो. २७५ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तेव्हा ॲल्युमिनियमचं प्रमाण बरंच जास्त ठेवावं लागतं.

खालून वर पाहिलं तर आधी सॅफायरची चकती, तिच्यावर ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर, मग इलेक्ट्रॉन पुरवणारा एन थर, मग क्वांटम विहिरी, म्हणजे काही नॅनोमीटर जाडीचे सापळ्यासारखे थर, आणि सगळ्यात वर होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, पुरवणारा पी थर. इलेक्ट्रॉन आणि होल विहिरीत भेटतात आणि फोटॉन जन्मतो. तयार चिप उलटी करून बसवतात, म्हणजे पी बाजू खाली तळाला टेकते आणि प्रकाश सॅफायरमधून वर निघतो. या रचनेला फ्लिप चिप म्हणतात.

विहिरीतला फोटॉन दिशा निवडून जन्मत नाही. साधारण निम्मे फोटॉन वर सॅफायरकडे जातात, निम्मे खाली पी बाजूकडे. वर जाणाऱ्यांचीही वाट सोपी नाही. ॲल्युमिनियम नायट्राइडचा अपवर्तनांक सुमारे २.३ असल्याने हवेच्या तुलनेत त्याचा क्रांतिक कोन जेमतेम २६ अंशांचा पडतो. त्याहून तिरपा गेलेला किरण पृष्ठभागावर आपटून परत आत येतो आणि पुन्हा पी बाजूकडे वळतो. म्हणून पी बाजूला जे काही बसवलं आहे ते प्रकाशाला गिळतं की परत पाठवतं, यावर सगळ्या चिपचं भवितव्य ठरतं.

बहुतेक ठिकाणी तिथे पी जातीच्या गॅलियम नायट्राइडचा थर बसवलेला असायचा. याचं कारण समजून घेतलं पाहिजे. होल मिळवण्यासाठी थरात मॅग्नेशियम मिसळतात. गॅलियम नायट्राइडमध्ये मॅग्नेशियमकडून होल सुटायला सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, शुद्ध ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये ०.५ ते ०.६. खोलीच्या तापमानाला उष्णतेकडून मिळणारी ऊर्जा फक्त ०.०२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. हे नातं घातांकी असल्यामुळे ॲल्युमिनियम वाढत जाईल तसतसे होल झपाट्याने आटत जातात. गॅलियम नायट्राइडमध्ये निदान पुरेसे होल असतात आणि धातूशी त्याचा संपर्कही बऱ्यापैकी जमतो. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत पी जातीचं गॅलियम नायट्राइड जमवून दाखवलं म्हणूनच निळा एलईडी झाला, आणि २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. अतिनील दिवे बनवणाऱ्यांनी तीच हातातली सामग्री वर बसवली, यात नवल नाही.

पण ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा बँडगॅप म्हणजे ३६५ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा सगळा प्रकाश शोषला जाणार. २७५ नॅनोमीटरला या पदार्थाचा शोषण गुणांक दर सेंटीमीटरला सुमारे दोन लाख आहे. १०० नॅनोमीटर जाडीचा थर घेतला तर एका फेरीत ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश त्यातच संपतो. धातूवर आपटून परत येणाऱ्या किरणाला तो थर दुसऱ्यांदा ओलांडावा लागतो, म्हणजे मागे आरसा कितीही चांगला लावला तरी हाती दोन-चार टक्केच उरणार. अतिनील प्रकाशाच्या दृष्टीने हा थर काळा आहे.

रिकेन आणि पॅनासोनिकने काय बदललं

त्यांनी चार गोष्टी एकत्र केल्या. वरचा गॅलियम नायट्राइडचा थर काढून त्या जागी मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचाच संपर्क थर घेतला, जो २७५ नॅनोमीटरला पारदर्शक होता. त्यावर रोडियम धातूचा आरसा दिला, जो इलेक्ट्रोडचंही काम करत होता. सॅफायरची चकती सपाट न ठेवता नक्षी कोरलेली घेतली, म्हणजे तिरपे किरण विखुरले जाऊन काहींना बाहेरची वाट सापडते. आणि चिपभोवती रेझिनचं कवच दिलं, ज्याने सॅफायर आणि हवा यांच्या अपवर्तनांकातली उडी कमी झाली.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मी पटकन सोडून देतो. नक्षीदार सॅफायर निळ्या एलईडीत कधीच रुळलं होतं. रेझिन प्रयोगशाळेत उपयोगी पडतं, पण एवढ्या ऊर्जेच्या प्रकाशाखाली नेहमीची रेझिनं हळूहळू खराब होतात, तेव्हा रोजच्या वापरात त्यावर भिस्त ठेवणं अवघड असतं. पहिल्या दोन गोष्टी मात्र प्रकरणाचा गाभा आहेत.

रोडियमच का? आरसा म्हणून अतिनील पट्ट्यात ॲल्युमिनियमला तोड नाही, ते ९० टक्क्यांच्या वर प्रकाश परत पाठवतं. चांदी दृश्य प्रकाशात उत्तम, पण ३२० नॅनोमीटरच्या आसपास तिची परावर्तनशक्ती कोसळते. रोडियम २७५ नॅनोमीटरला साधारण दोन तृतीयांश प्रकाश परत पाठवतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या बरंच मागे. तरी ते निवडलं, कारण ॲल्युमिनियमचं वर्क फंक्शन, म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, सव्वाचार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळपास आहे आणि पी थराशी त्याचा संपर्क जमत नाही. रोडियमचं पाचच्या आसपास आहे. संपर्क आणि परावर्तन यांत कुठे तडजोड करायची याचा हा निर्णय होता, आणि त्या दिव्यासाठी तो बरोबर ठरला.

आता हिशोब मांडू. २० मिलिॲम्पिअर प्रवाहाला २०.३ टक्के क्वांटम कार्यक्षमता म्हणजे सुमारे १८ मिलिवॉट अतिनील प्रकाश. हा प्रकाश एकूण विजेच्या ५.७ टक्के असेल तर आत गेलेली वीज सुमारे ३२० मिलिवॉट भरते, आणि २० मिलिॲम्पिअरने भागलं की व्होल्टेज येतं १६. ज्या फोटॉनची स्वतःची ऊर्जा ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, तो मिळवण्यासाठी १६ व्होल्ट लावावे लागत होते. डायोडच्या निरनिराळ्या थरांतला रोध धरला तरी पाच-सहा व्होल्टमध्ये हे काम व्हायला हवं. उरलेले दहा व्होल्ट मुख्यतः पी बाजूला, होल नसलेल्या थरात आणि त्याच्या धातूशी असलेल्या संपर्कात खर्च होत होते. प्रकाश न झालेल्या एकूण तीनशे मिलिवॉटची उष्णता होते, ती चिप तापवते, आणि तापलेल्या एलईडीचं आयुष्य घटतं.

म्हणून या दिव्याबद्दल माझं मत असं आहे : त्यांनी पारदर्शकता विकत घेतली आणि किंमत व्होल्टेजमध्ये मोजली. यात त्यांची चूक काही नाही. त्यांना प्रकाश बाहेर काढण्याची मर्यादा तपासायची होती आणि ती त्यांनी लखलखीतपणे दाखवली. पी बाजू काळी नसेल तर वीस टक्के शक्य आहे, हे या निबंधाआधी अनेकांना अंदाजाने वाटत होतं, नंतर ते माहीत झालं. पण दिव्याचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

आयटीओ का चालत नाही

निळ्या एलईडीत आणि मोबाइलच्या पडद्यात पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणून इंडियम टिन ऑक्साइड, म्हणजे आयटीओ, सर्रास वापरतात. तेच इथे का नको, हा कुणालाही पडणारा पहिला प्रश्न. ३६५ ते ४०० नॅनोमीटरच्या दिव्यांत, म्हणजे नेलपॉलिश सुकवणाऱ्या किंवा छपाईची शाई घट्ट करणाऱ्या दिव्यांत, आयटीओ बऱ्यापैकी चालतंही. पण त्याचा प्रकाशीय बँडगॅप ३.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास आहे. ३३० नॅनोमीटरच्या खाली ते अंधारू लागतं आणि २७५ला नेहमीच्या २०० नॅनोमीटर जाडीच्या थरातून फारच थोडा प्रकाश पार होतो. झिंक ऑक्साइड आणि टिन ऑक्साइड यांचीही तीच गत.

मग बँडगॅप मोठा असलेलं ऑक्साइड घ्या, हा पुढचा सरळ विचार. गॅलियम ऑक्साइडचा बँडगॅप ४.८ ते ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. ओरिता, ओहता, हिरानो आणि होसोनो या जपानी संशोधकांनी २००० साली टिन मिसळलेल्या बीटा गॅलियम ऑक्साइडचे थर बनवून खोल अतिनील पट्ट्यातलं पारदर्शक वाहक ऑक्साइड दाखवलं. त्याची वाहकता सेंटीमीटरला सुमारे १ सीमेन्स होती. चांगल्या आयटीओची ५,०००च्या पुढे असते. १०० नॅनोमीटर जाडीचा थर धरला तर आयटीओचा शीट रेझिस्टन्स, म्हणजे थरातून आडव्या जाणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध, दर चौकोनाला २० ओमच्या जवळ येतो, त्या गॅलियम ऑक्साइडचा एक लाख ओम. शिवाय तो थर काचेवर ८८० अंश सेल्सिअस तापमानाला बसवला होता. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तयार एलईडी तेवढ्या तापमानाला पुन्हा नेणं म्हणजे आधीच नाजूक असलेला पी थर धोक्यात घालणं.

एक लाख ओम वाचून बरेचजण तिथेच पान उलटतात. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं, कारण हा आकडा आपल्या प्रकरणाला लागू होतो का, हे आधी विचारायला हवं.

शीट रेझिस्टन्सला महत्त्व येतं ते प्रवाह आडवा पसरवायचा असतो तेव्हा. प्रकाश वरून बाहेर पडणाऱ्या चिपमध्ये धातूची अगदी बारीक पट्टी असते आणि तिथून प्रवाह पारदर्शक थरातून सगळ्या पृष्ठभागावर पसरावा लागतो. तिथे एक लाख ओम घातकच. पण रिकेनच्या दिव्यात पी बाजूचा सगळा पृष्ठभाग रोडियमने झाकला होता. प्रवाह धातूतूनच आडवा पसरत होता, पारदर्शक थरातून त्याला फक्त उभं उतरायचं होतं. अशा रचनेत रोडियमऐवजी ॲल्युमिनियमचा आरसा ठेवून मध्ये १०० नॅनोमीटरचं तेच सुमार गॅलियम ऑक्साइड घातलं असतं, तर त्या थराचा उभा रोध किती आला असता? रोधकता १ ओम-सेंटीमीटर, जाडी एका सेंटीमीटरचा एक लाखावा भाग. दर चौरस सेंटीमीटरला २० ॲम्पिअर प्रवाह धरला तर थरात खर्च होणारं व्होल्टेज मिलिव्होल्टचा पाचवा हिस्सा येतं. दहा व्होल्टच्या खड्ड्यापुढे ते काहीच नाही.

मग दहा व्होल्ट कशात जातात? सीमेवर. गॅलियम नायट्राइडमध्ये होल ऊर्जेच्या ज्या पट्ट्यात राहतात त्याचा काठ निर्वातापासून सुमारे ७.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट खोल आहे, ॲल्युमिनियम मिसळलं की त्याहून आणखी खाली. प्लॅटिनमसारख्या धातूचंही वर्क फंक्शन साडेपाचच्या थोडंच वर असतं. म्हणजे कुठलाही धातू आणला तरी होलपुढे दोन इलेक्ट्रॉन व्होल्टचा किंवा त्याहून उंच अडथळा राहतोच. गॅलियम नायट्राइडमध्ये सीमेजवळ मॅग्नेशियम ठासून भरून तो अडथळा इतका अरुंद करतात की होल त्यातून आरपार टनेल होतात. ॲल्युमिनियम जास्त असलेल्या थरात मॅग्नेशियम भरूनही होल सुटत नाहीत, अडथळा रुंदच राहतो. आणि आयटीओ, गॅलियम ऑक्साइड, टिन ऑक्साइड ही सगळी एन जातीची ऑक्साइडं आहेत. त्यांत इलेक्ट्रॉन आहेत, होल नाहीत. पी थराला ती होल देणार तरी कशी?

खोल अतिनीलमध्ये पारदर्शक आणि पी जातीचं ऑक्साइड मिळालं तर प्रश्नच मिटला असता. पण ऑक्साइडमध्ये होलचा पट्टा ऑक्सिजनच्या कक्षांतून बनतो, तो खोल असतो आणि सपाटही असतो. त्यामुळे होल तयार झालाच तरी तो जागच्या जागी अडकून पडतो. बँडगॅप जितका मोठा तितकी ही अडचण पक्की.

म्हणून एखाद्या नव्या पदार्थाच्या निबंधात पारदर्शकता आणि शीट रेझिस्टन्स हे दोनच आकडे दिसले की माझं समाधान होत नाही. त्या थरामुळे दिवा किती व्होल्टला पेटला, हा तिसरा आकडा हवा. तो नसेल तर पदार्थाचं कौतुक करावं, पण त्याला या दिव्याचा इलेक्ट्रोड म्हणायची घाई करू नये.

इतर उमेदवार

ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा थर, दृश्य प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतं, म्हणून त्याच्याबद्दल अपेक्षा फार होत्या. दुर्दैव असं की त्याच्या शोषणाचं शिखर ४.६ इलेक्ट्रॉन व्होल्टला, म्हणजे २७० नॅनोमीटरच्या आसपास आहे, नेमकं आपल्या दिव्याच्या दारात. तरी एका थराचं शोषण दहा टक्क्यांच्या आसपासच राहतं, तेव्हा ग्राफीन बाद होत नाही. त्याचाही पी थराशी संपर्क हा प्रश्न उरतोच. चांदीच्या नॅनोतारांच्या जाळीत प्रकाश मोकळ्या जागेतून निसटतो, पण वीजही मग फक्त तारांच्या रेषांवरच उतरते आणि मधल्या जागेतला पी थर एवढा रोधक असतो की प्रवाह तिथे पसरत नाही.

सोलमधल्या कोरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळीच वाट काढली. ॲल्युमिनियम नायट्राइडसारख्या, एरवी विसंवाहक असलेल्या पारदर्शक थरावर जोरदार विद्युतदाब लावला की त्यात अतिसूक्ष्म वाहक तंतू तयार होतात. तंतू एवढे बारीक की प्रकाशाला त्यांची अडचण होत नाही, आणि प्रवाह त्यांतून पी थरापर्यंत जातो. विचार मला फार आवडतो, कारण तो सीमेच्या प्रश्नाला थेट हात घालतो. असे तंतू हजारो तास टिकवून धरणं हे त्याचं पुढचं काम.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या गटाने २०२० साली स्ट्रॉन्शियम नायोबेट पुढे आणलं. इथली कल्पना उलटी आहे. बँडगॅपवाल्या पदार्थात इलेक्ट्रॉन भरण्याऐवजी सुरुवातच धातूपासून करायची, ज्यात इलेक्ट्रॉन मुबलक आहेत. पण त्या इलेक्ट्रॉनांची एकमेकांवर इतकी कुरघोडी चालते की ते जड झाल्यासारखे वागतात आणि धातूची चकाकी दृश्य प्रकाशाच्या खालीच सरकते. वरच्या अतिनील पट्ट्यात शोषण कमी राहतं, वाहकता मात्र धातूची. मिनेसोटा विद्यापीठात भारत जालन यांच्या गटाने लँथॅनम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम स्टॅनेटवर काम केलं आहे, तिथे बँडगॅप चारच्या वर आणि इलेक्ट्रॉनांची गतिशीलताही चांगली आहे. प्रकाश वरून काढणाऱ्या चिपला, आडवा प्रवाह पसरवायला, असे पदार्थ मोलाचे ठरतील. पण हेही इलेक्ट्रॉनचेच वाहक आहेत.

वळसा

एन जातीच्या वाहकाने पी थराला होल द्यायचा एक मार्ग आहे, आणि रिकेनच्या दिव्याची कोंडी फोडण्याची सगळ्यात जास्त आशा मला तिथे दिसते. पी थरावर थेट धातू न लावता त्यावर भरपूर डोपिंग केलेला, म्हणजे मुद्दाम परके अणू मिसळलेला, एन थर वाढवायचा. दोघांच्या सीमेवर, उलटा दाब असताना, पी बाजूच्या भरलेल्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन टनेल करून एन बाजूच्या रिकाम्या पट्ट्यात जातो. इलेक्ट्रॉन गेला त्या जागी होल उरतो. म्हणजे होल बाहेरून आणावाच लागत नाही, जागेवर तयार होतो. याला टनेल जंक्शन म्हणतात. ओहायो स्टेट विद्यापीठात सिद्धार्थ राजन यांच्या गटाने २०१५ साली ३२७ नॅनोमीटरच्या दिव्यात हे करून दाखवलं. जंक्शनमध्ये काही नॅनोमीटर जाडीचा इंडियम गॅलियम नायट्राइडचा थर घातला होता. या पदार्थांतलं स्वाभाविक ध्रुवण त्या थरात तीव्र विद्युत क्षेत्र निर्माण करतं आणि टनेलिंगची वाट अरुंद होते. तो थर प्रकाश शोषतो खरा, पण इतका पातळ असतो की तोटा सोसण्याजोगा राहतो.

याचा दुसरा फायदा आपल्या प्रकरणात थेट बसतो. वरचा थर एन जातीचा झाला की त्याला ॲल्युमिनियम चालतं. रोडियमने जो एक तृतीयांश प्रकाश दर फेरीला खाल्ला, तो वाचतो. व्होल्टेज आणि परावर्तन, दोन्ही एकाच बदलाने सुधारण्याची शक्यता इथे आहे. २७५ नॅनोमीटरच्या खाली ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढत जातं तसं टनेलिंग कठीण होतं, म्हणून खरी कसोटी तिथे लागते.

रिकेनमध्येच हिदेकी हिरायामा यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली आणखी एक रस्ता दाखवला. पी बाजूच्या थरात ठरावीक अंतरावर सूक्ष्म छिद्रं कोरून फोटॉनिक क्रिस्टल बनवलं, जे प्रकाश धातूपर्यंत पोचायच्या आधीच परत फिरवतं. २८३ नॅनोमीटरच्या दिव्याची क्वांटम कार्यक्षमता त्यामुळे ४.८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेली. आरशाचं काम रचनेने केलं की धातू फक्त संपर्कासाठी निवडता येतो. रोडियमच्या निवडीत जी तडजोड होती तिचीच ही सोडवणूक आहे.

हिशोब पुन्हा एकदा

समजा २०१७च्या त्याच चिपमध्ये बाकी काही न बदलता व्होल्टेज १६ वरून ६ वर आणलं. आत जाणारी वीज १२० मिलिवॉटवर येते, प्रकाश तेवढाच १८ मिलिवॉट, आणि कार्यक्षमता १५ टक्क्यांवर चढते. ३०० मिलिवॉटच्या जागी १०० मिलिवॉट उष्णता काढायची राहिल्याने त्याच चिपमधून अधिक प्रवाह नेता येतो. व्होल्टेज अगदी फोटॉनच्या ऊर्जेइतकं, साडेचारवर आणलं तरी मर्यादा २०.३ टक्क्यांचीच. पाऱ्याच्या नळीचे ३० टक्के गाठायचे तर इलेक्ट्रोड पारदर्शक हवा, त्याचा संपर्क चांगला हवा, आणि वर प्रकाश बाहेर निघण्याचं प्रमाणही दीडपट व्हायला हवं. पहिल्या दोन गोष्टी जमल्या की तिसरीत ॲल्युमिनियमच्या आरशाचा हातभार लागतो, कारण आत घुटमळणारा किरण दर फेरीला कमी झिजतो आणि त्याला बाहेर पडायच्या संधी अधिक मिळतात. वीस टक्क्यांचा तो दिवा ज्यांनी बनवला त्यांच्याकडे पारदर्शक पी थर होता. त्याच थरावर टनेल जंक्शन आणि ॲल्युमिनियम बसवून सहा व्होल्टला २७५ नॅनोमीटरचा प्रकाश काढणं, हे या प्रकरणातलं उरलेलं काम आहे.